स्मृतिभ्रंश व शरीराची साक्ष

'साठी बुद्धि नाठी' ही म्हण आपल्याकडे लहानथोर सर्वांच्या तोंडीं आहे. म्हातारा मनुष्य चष्मा कोठें ठेवला हें विसरला, एकच गोष्ट चार वेळां सांगूं लागला, किंवा भर दुपारीं 'सकाळचा चहा अजून मिळाला नाहीं' असें म्हणूं लागला, कीं घरांतील मंडळी ही म्हण उच्चारून मोकळी होतात. म्हण सोयीची खरी. परंतु तिच्यांत दोन गैरसमज दडलेले आहेत. पहिला हा कीं, वय झालें म्हणजे बुद्धि जावयाचीच. आणि दुसरा हा कीं, जें बिघडतें तें केवळ मनाचेंच बिघडतें, शरीराशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. प्रस्तुत लेखांत दुसऱ्या गैरसमजाचा विचार विशेषेंकरून करावयाचा आहे. कारण त्याच्यापायीं पुष्कळ वृद्धांचें अकारण नुकसान होतें, आणि तें टाळणें आपल्यासारख्या घरांतल्या लहानांच्याही हातीं असतें.

स्मृतिभ्रंश, ज्याला डॉक्टर लोक डिमेन्शिया म्हणतात, हें एका रोगाचें नांव नव्हे. ताप ही जशी हिंवताप, विषमज्वर, न्यूमोनिया इत्यादि अनेक रोगांत दिसणारी अवस्था आहे, त्याचप्रमाणें स्मृतिभ्रंश ही मेंदूच्या अनेक रोगांत उत्पन्न होणारी अवस्था होय. पूर्वीं चांगली असलेली स्मरणशक्ति, भाषा व सारासार विचार हीं इतकीं क्षीण व्हावींत, कीं त्या मनुष्यास आपले रोजचे व्यवहार स्वतःचे स्वतः करतां येऊं नयेत, असा तिचा अर्थ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें सन २०२१ मध्यें साऱ्या जगांत असे ५ कोटि ७० लक्ष रोगी होते. भारतांत साठ वर्षांवरील लोकांची जी मोठी पाहणी झाली, तिच्यावरून सन २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेला अंदाज शेंकडा ७.४, म्हणजे सुमारें ८८ लक्ष, असा आहे. ही संख्या लहान नाहीं. पण तिचा दुसरा अर्थ असा, कीं साठी उलटलेल्या शंभर लोकांपैकीं ब्याण्णवांहून अधिकांस हा विकार नसतो. म्हणीचा पहिला गैरसमज या एका आंकड्यानेंच खोटा ठरतो. बुद्धि नाहींशी होणें हा वयाचा धर्म नसून तो रोग आहे, आणि रोग म्हटला म्हणजे त्याचें कारण शोधलेंच पाहिजे.

तें शोधावयाचें कसें? येथेंच शरीर आपल्या मदतीस येतें. ज्या मेंदूंत आठवणी सांठविल्या जातात, त्याच मेंदूंतून हातपाय हालविण्याच्या आज्ञा सुटतात, डोळ्यांना दिशा मिळते, घास गिळला जातो आणि तोल सांभाळला जातो. शरीरशास्त्राच्या पुस्तकांत मेंदूचें चित्र वाचकांनीं पाहिलेंच असेल. कपाळामागील भागाकडे योजना, संयम व हालचालीचा आरंभ हीं कामें आहेत. कानशिलांच्या आंतील भागांत नवी आठवण प्रथम रुजते. वरच्या मागील भागामुळें आपल्याला जागेचें व आपल्याच अवयवांचें भान राहतें, अगदीं मागील भाग दृष्टि सांभाळतो, आणि खोल गाभ्यांतील करड्या रंगाच्या गांठी चालण्याबोलण्याला सहजपणा देतात. रोग ज्या भागांत आधीं शिरतो, त्या भागाचें काम आधीं बिघडतें. म्हणून रोग्याची चाल, हाताची पकड, डोळ्यांची फिरत व स्नायूंची ताठरता पाहून जाणता वैद्य रोग कोणत्या वाटेनें आंत आला याचें अनुमान करतो. रोग्याला स्वतःची हकीकत नीट सांगतां येत नाहीं. ती त्याचें शरीर सांगतें.

या विषयांतील सर्वांत प्रसिद्ध हकीकत जर्मनींतील आहे. फ्रांकफुर्ट शहराच्या मनोरुग्णालयांत सन १९०१ च्या नोव्हेंबर महिन्यांत ऑगुस्टे डेटर नांवाची एकावन्न वर्षांची बाई दाखल झाली. तिची तपासणी डॉक्टर आलॉइस आल्झायमर यांनीं केली. तिला वस्तूंचीं नांवें आठवत ना, आपण कोठें आहों हें कळत ना, वाचतांना ती एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर भरकटत असे. सन १९०६ च्या एप्रिलमध्यें ती वारली. आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरच्या ३ तारखेस ट्यूबिंगेन येथील सभेंत आल्झायमर यांनीं तिच्या मेंदूंत सूक्ष्मदर्शकाखालीं दिसलेले डाग व तंतूंचे गुंते यांचें वर्णन केलें. पुढें सन १९१० मध्यें क्रेपेलिन या विख्यात मनोरोगतज्ज्ञानें आपल्या ग्रंथांत त्या रोगाला आल्झायमरचें नांव दिलें.

या हकीकतींतील डागांची व गुंत्यांची गोष्ट सर्वत्र सांगितली जाते; परंतु शरीराविषयीं आल्झायमर यांनीं जें लिहून ठेविलें, त्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. बाईची चाल बिघडलेली नाहीं, ती दोन्ही हात सारख्याच चांगल्या रीतीनें वापरते, गुडघ्यावर टिचकी मारली असतां पाय नेहमींप्रमाणें उडतो, डोळ्यांच्या बाहुल्या उजेडाला प्रतिसाद देतात, अशी त्यांनीं नोंद केली आहे. मन एवढें विस्कटलेलें असूनही शरीर धड होतें. पुढें मात्र साडेचार वर्षांच्या आजाराच्या शेवटीं तीच बाई पाय पोटाशीं घेऊन अंथरुणास खिळलेली, मलमूत्राचें भान नसलेली व पाठीला जखमा झालेली अशी त्यांनीं वर्णिली आहे. एकाच रोग्याच्या कथेंत आरंभ व शेवट असे दोन्ही आले.

आज आपल्याला ठाऊक आहे, कीं स्मृतिभ्रंशाच्या शंभर रोग्यांपैकीं साठ ते सत्तर जणांच्या विकारांत आल्झायमरच्या रोगाचा वांटा असतो, आणि त्या रोगाचा नेहमींचा क्रम हाच असतो. प्रथम कित्येक वर्षें चाल शाबूत राहते. ज्या खुणा दिसतात त्या निराळ्याच प्रकारच्या. हातांत जोर असतो, पण हातानें काय करावयाचें याचें ज्ञान हरपतें. सदऱ्याचीं बटणें चुकीच्या काजांत जातात, जन्मभर साडी नेसलेल्या आजीला निऱ्या घालतां येत नाहींत, किल्ली उलटी धरली जाते. साधा प्रश्न विचारला तरी रोगी उत्तरासाठीं शेजारीं बसलेल्या मुलाकडे किंवा पत्नीकडे मान वळवितो. ही मान वळविण्याची खूण डॉक्टर मुद्दाम पाहतात. रोग पुढें सरकला म्हणजे अंगांत ताठरता येते, हातपाय मधूनच झटका दिल्यासारखे उडतात, क्वचित् आंकडी येते, आणि सर्वांत शेवटीं चालणें व गिळणें हीं थांबतात.

यावरून पहिला नियम निघतो. विसराळूपणा अगदीं नवा असतांनाच चाल बिघडली असेल, अंग आंखडलें असेल, किंवा रोगी वारंवार पडत असेल, तर येथें आल्झायमरशिवाय दुसरें कांहीं आहे काय, अशी शंका घेतली पाहिजे. हें दुसरें काय काय असूं शकतें, तें आतां क्रमानें पाहूं.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनीं सन १८१७ मध्यें कंपवातावर एक छोटा निबंध लिहिला. त्यांत सहा रोग्यांची हकीकत असून त्यांपैकीं कांहीं तर त्यांनीं रस्त्यानें जातांना पाहिलेले होते. कंप, पुढें वांकलेलें शरीर, धांवत सुटल्यासारखीं पावलें हें सर्व त्यांनीं अचूक टिपलें. मात्र या रोगांत बुद्धीला धक्का लागत नाहीं असें त्यांनीं लिहिलें. तें पुढें खरें ठरलें नाहीं. कंपवात अनेक वर्षें टिकला म्हणजे पुष्कळ रोग्यांना स्मृतिभ्रंशही होतो. सन १९१२ मध्यें फ्रिट्झ लेवी या डॉक्टरांस अशा रोग्यांच्या मेंदूंतील पेशींमध्यें वाटोळे कण आढळले; त्यांस आज लेवीचे कण म्हणतात. सन १९७६ मध्यें जपानचे केंजी कोसाका यांनीं हेच कण सर्व मेंदूभर पसरलेल्या एका स्मृतिभ्रंशाच्या रोग्याचें वर्णन केलें, आणि त्यांतून एक वेगळा रोग ओळखला गेला.

या लेवीच्या रोगांत मन व शरीर बहुधा बरोबरीनेंच बिघडतात. चेहरा निर्विकार होतो, आवाज क्षीण होतो, अक्षर बारीक होत जातें, चालतांना पाय घासले जातात व हात बाजूला झुलत नाहींत. रोगी आज अगदीं हुषार तर उद्यां गुंगींत असतो. घरांत मुलें आलीं आहेत, कोपऱ्यांत मांजर बसलें आहे, असे स्पष्ट भास त्याला होतात. कित्येक वर्षें आधींपासून तो झोंपेंत स्वप्नाबरहुकूम लाथा झाडीत व ओरडत असल्याचें पत्नीला आठवतें. आतां यांत धोक्याची जागा पाहा. घरचे लोक डॉक्टरांस भासांबद्दल तेवढें सांगतात. चालीबद्दल कोणी बोलत नाहीं, कारण 'म्हातारपणीं पाय घासायचेच' असें सर्वांस वाटतें. मग भासांवर हॅलोपेरिडॉलसारखें तीव्र औषध दिलें जाण्याचा संभव असतो. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील डॉक्टर मॅकीथ व त्यांचे सहकारी यांनीं सन १९९२ मध्यें दाखवून दिलें, कीं लेवीच्या रोग्यांपैकीं बऱ्याच जणांस अशीं औषधें विषासारखीं बाधतात. अंग लांकडासारखें होतें, शुद्धि हरपते, व कित्येकांस प्राणासही मुकावें लागतें. म्हणजे पाय घासण्याची जी खूण घरीं क्षुल्लक वाटली, तीच वेळेवर सांगितली असती तर जीव वांचण्याजोगी होती.

दुसरा मोठा वर्ग रक्तवाहिन्यांच्या विकारानें होणाऱ्या स्मृतिभ्रंशाचा. मेंदूंतील लहानमोठ्या रक्तवाहिन्या बुजल्या म्हणजे त्यांच्यावर पोसणारा भाग मरतो. अशा रोग्याची उतरण पुष्कळदां जिन्यासारखी असते. कांहीं महिने स्थिर, मग एकाएकीं एक पायरी खालीं. त्याच्या अंगावर अर्धांगवायूच्या खुणा सांपडतात. तोंडाची एक बाजू किंचित् ओघळलेली, एक हात दुबळा, बोलणें जड, आणि कारण नसतां अनावर हंसूं किंवा रडूं येणें, अशा त्या होत. पॅरिसचे डॉक्टर बाबिन्स्की यांनीं सन १८९६ मध्यें दाखविलेली परीक्षा येथें उपयोगी पडते. तळपायाच्या कडेवरून बोथट टोंकानें रेघ ओढली असतां निरोगी मनुष्याचा आंगठा खालीं वळतो. मेंदूकडून येणारी वाट तुटली असेल तर तो वर उचलला जातो. या रोग्यांचीही पावलें आंखूड होतात, परंतु पाय फांकलेले, धड ताठ व हात झुलते असतात. कंपवाताच्या रोग्याचें धड वांकलेलें व हात स्थिर असतात. दोघे एकाच रस्त्यानें चालले तर नवशिक्यालाही फरक कळावा. रक्तदाब व मधुमेह आटोक्यांत ठेवणें आणि तंबाखू वर्ज्य करणें, यांनीं या प्रकाराला पुष्कळ अंशीं आळा बसतो.

चालीवरून ओळखूं येणारा तिसरा रोग सर्वांत आशादायक आहे. मेंदूच्या आंत पोकळ्या असून त्यांत स्वच्छ पाणी खेळत असतें. दक्षिण अमेरिकेंतील कोलंबिया देशाच्या बोगोटा शहरीं सालोमोन हाकिम नांवाचे शस्त्रवैद्य होते. सन १९५७ मध्यें अपघातांत डोक्याला मार बसलेला सोळा वर्षांचा एक मुलगा त्यांच्याकडे होता. त्याच्या मेंदूंतील पोकळ्या फुगलेल्या होत्या, पण पाण्याचा दाब मोजला तो नेहमींइतकाच भरला. तरीही थोडें पाणी काढून घेतल्यावर मुलगा सुधारला. हाकिम यांनीं या धाग्याचा पाठपुरावा केला व सन १९६५ मध्यें अमेरिकेंतील रेमंड ॲडम्स यांच्यासह हा विकार वैद्यकीय जगापुढें मांडला. त्याच्या खुणा तीन आहेत. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवरील ताबा सुटणें व मनाची मंदता. तिघींत चाल बहुधा प्रथम बिघडते. कमरेतून पाणी काढून चालींत फरक पडतो का हें पाहतात, आणि योग्य रोगी असेल तर मेंदूंतील जादा पाणी पोटांत उतरविणारी एक बारीक नळी कातडीखालून बसवितात. सर्वच रोग्यांस गुण येतो असें नाहीं. पण ज्यांस येतो ते भिंतीचा आधार सोडून पुन्हां चालूं लागतात. अशा मनुष्यास 'वय झालें' म्हणून घरीं बसवून ठेवणें म्हणजे उघडें दार त्याच्यापुढें लावून घेण्यासारखें आहे.

डोळे व इतर अवयव यांचीही साक्ष अशीच मोलाची असते. टोरांटो येथील स्टील, रिचर्ड्सन व ओल्झेव्स्की या तिघांनीं सन १९६४ मध्यें वर्णिलेल्या एका रोगांत रोग्यास खालीं पाहतां येत नाहीं. त्यामुळें जिना उतरतांना त्याचें पाऊल चुकतें, ताटांतील अन्न अंगावर सांडतें, आणि तो वारंवार पाठीमागें पडतो. घरचे लोक नवा चष्मा करून आणतात. पण दोष दृष्टींत नसून डोळे खालीं फिरविणाऱ्या मेंदूच्या भागांत असतो. दुसरा एक रोग आनुवंशिक आहे. अमेरिकेंतील जॉर्ज हंटिंग्टन यांनीं सन १८७२ मध्यें, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षीं, त्याचें वर्णन केलें. त्यांचे वडील व आजोबा हे दोघेही त्याच प्रदेशांत डॉक्टर होते, आणि त्यांच्या अनुभवामुळें एकाच घराण्याच्या अनेक पिढ्या त्यांच्या डोळ्यांपुढें होत्या. या रोगांत हातपाय व चेहरा नाचल्यासारखे आपोआप हालत राहतात, व मागाहून बुद्धीचा ऱ्हास होतो. त्याचें कारण असलेलें जनुक सन १९९३ मध्यें सांपडलें.

आतां ज्या खुणांविषयीं घरांत सर्वांत जास्त गैरसमज होतो, त्यांकडे वळूं. तान्ह्या मुलाच्या तळहाताला आपलें बोट लागलें कीं तें घट्ट धरतें. ओंठांना स्पर्श झाला कीं तें चोखूं पाहतें. आणि तळपायावर रेघ ओढली तर त्याचा आंगठा वर जातो. मूल वाढूं लागलें म्हणजे मेंदूचा पुढील भाग या आदिम प्रतिक्रियांना आवर घालतो. त्या नष्ट होत नाहींत, केवळ दाबून ठेवल्या जातात. स्मृतिभ्रंशाच्या उत्तरार्धांत हा आवर सुटला, कीं त्या पुन्हां वर येतात. सूनबाई आजोबांना अंघोळ घालावयास नेतात, आणि आजोबा त्यांचें मनगट इतकें घट्ट धरतात कीं सोडवितां सुटत नाहीं. 'मुद्दाम करतात' असें वाटतें. पण ती पकड मनाची नसते. तळहाताला झालेल्या स्पर्शानें ती आपोआप घडते.

हाच प्रकार अंगाच्या प्रतिकाराचा. रोग्याचा हात सदऱ्याच्या बाहींत घालूं लागलें कीं तो ताठ होतो. जितक्या घाईनें ओढावें तितका अधिक ताठ होतो, आणि सावकाश घेतलें तर सैल पडतो. याला डॉक्टर पॅराटोनिया म्हणतात. सन १९१० मध्यें दुप्रे या फ्रेंच डॉक्टरांनीं तें नांव दिलें. कंपवाताच्या ताठरतेंत आणि हिच्यांत भेद हाच, कीं कंपवातांत हात सावकाश हालविला तरी ताठच राहतो. घरोघर या खुणेला 'हट्ट' असें नांव मिळतें, आणि त्या हट्टाबद्दल वृद्ध मनुष्यावर राग निघतो, हिसकाहिसकी होते, क्वचित् हातही उगारला जातो. ज्याला ही खूण ठाऊक आहे तो असें करणार नाहीं. तो क्षणभर थांबेल, काय करणार आहे हें शांतपणें सांगेल, आणि हळू हाताला धरून बाही चढवील. ज्ञानानें येथें औषधाइतकेंच काम केलें.

शरीराच्या खुणा पाहण्याचें आणखी एक कारण आहे. कांहीं विकार स्मृतिभ्रंशाचें सोंग घेऊन येतात, आणि ते वेळींच ओळखले तर बरे होतात किंवा पुष्कळ सुधारतात. ब-१२ हें जीवनसत्त्व वनस्पतींत मिळत नाहीं. तें दूध, अंडीं, मांस यांतून येतें. म्हणून दूधही बेताचेंच घेणाऱ्या शाकाहारी कुटुंबांत, आणि जठर दुबळें झालेल्या वृद्धांत त्याची उणीव पडते. मग विसर पडतो, पण त्याबरोबर तळपायांना मुंग्या येतात, घोट्यावर ठेवलेल्या नादकांट्याचा कंप जाणवत नाहीं, आणि तोंड धुतांना डोळे मिटले कीं तोल जातो. थायरॉईड ग्रंथि मंदावली तर मनही मंद होतें; अशा वेळीं टांचेवरील शिरेवर ठोकलें असतां पाय उडतो पण परत येण्यास वेळ लावतो. डोक्याला किरकोळ मार बसून कवटीखालीं हळूहळू रक्त सांचलें, तर कांहीं आठवड्यांनीं डोकेंदुखी, गुंगी व एका अंगाचा दुबळेपणा दिसूं लागतो. शस्त्रक्रियेनें तें रक्त काढतां येतें. एके काळीं युरोपांतील वेड्यांचीं इस्पितळें ज्या उपदंशजन्य रोगानें भरलेलीं असत, त्याची खूण डोळ्यांच्या बाहुलींत होती. जवळची वस्तु पाहतांना ती आंकुंचित होई, उजेडानें मात्र होत नसे. ती सन १८६९ मध्यें एडिंबरो येथील अर्गाइल रॉबर्टसन यांनीं दाखविली. सन १९१३ मध्यें नोगुची व मूर यांनीं अशा रोग्यांच्या मेंदूंत उपदंशाचे जंतु दाखविले, आणि पेनिसिलीन आल्यावर तो रोग विरळ झाला. ज्याला लोक वेड समजत होते तो जंतूंचा प्रताप होता, हा धडा वैद्यकशास्त्र विसरलेलें नाहीं.

याशिवाय एक गोष्ट सदैव ध्यानांत असावी. कालपर्यंत ठीक असलेला मनुष्य एक दोन दिवसांत बरळूं लागला, तर तो सहसा स्मृतिभ्रंश नव्हे. तो ताप, लघवीचा जंतुदोष, क्षारांची कमतरता किंवा औषधाचा दुष्परिणाम यांमुळें झालेला वात असण्याचा संभव अधिक. तेथें वाट पाहत बसूं नये. त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा.

इतकें वाचून कोणी आपल्या आजोबांच्या तळपायावर रेघा ओढीत बसूं नये, हें सांगणें अवश्य आहे. एका खुणेनें रोग ठरत नाहीं. निरोगी वृद्धांतही हात थोडा कांपतो, पाऊल आंखूड होतें, वर सांगितलेल्या आदिम प्रतिक्रियांपैकीं एखादी सांपडते; गुडघेदुखीनेंही चाल बदलते. खुणांचा समूह, त्यांचा क्रम आणि त्यांची गति हीं तिन्ही पाहून, रक्ताची व मेंदूच्या छायाचित्राची जोड देऊन तज्ज्ञच निर्णय करतो. आपलें काम निर्णयाचें नसून नीट पाहण्याचें व नीट सांगण्याचें आहे.

तें काम मात्र शाळेंतील मुलालाही करतां येईल, किंबहुना त्यालाच चांगलें करतां येईल. कारण आजीआजोबांच्या सहवासांत तोच अधिक वेळ असतो. एका वहींत तारीख घालून लिहून ठेवावें. विसर आधीं सुरू झाला कीं चाल आधीं बिघडली? कितीदां पडले, आणि पुढें कीं मागें? एकाच हाताला कंप आहे कीं दोन्हीं? भास होतात काय? झोंपेंत हातपाय झाडतात काय? जेवतांना ठसका लागतो काय? कोणतें औषध सुरू केल्यावर फरक पडला? चालतां चालतां बोलावयास थांबतात काय, हेंही पाहावें. स्वीडनमधील संशोधकांनीं सन १९९७ मध्यें असें दाखविलें, कीं वृद्धाश्रमांतील जे लोक बोलण्यासाठीं चालणें थांबवीत, ते पुढील सहा महिन्यांत इतरांपेक्षां पुष्कळ अधिक पडले. मेंदूला दोन कामें एकदम झेपत नाहींत, हा त्याचा अर्थ; म्हणून अशा वृद्धाशीं जिन्यावर बोलूं नये, वर पोंचल्यावर बोलावें. ठसका लागत असेल तर ताठ बसवून लहान घास द्यावे. वाटेंतील सतरंजी काढावी, न्हाणीघरांत धरावयास दांडी लावावी, रात्रीं मंद दिवा ठेवावा.

आल्झायमरच्या रोगास मुळापासून बरें करणारें औषध अद्याप नाहीं. आहेत तीं रोगाची गति किंवा त्रास थोडासा कमी करितात. परंतु यावरून कांहींच करतां येत नाहीं असें मात्र समजूं नये. रोग कोणता हें ओळखतां आलें तर बाधणारें औषध टाळतां येतें, बरा होणारा विकार बरा करतां येतो, पडणें चुकवितां येतें. आणि यांपैकीं कांहींच साधलें नाहीं तरी ज्यानें आपल्याला बोट धरून चालावयास शिकविलें, त्याची आज चुकणारी पावलें व घट्ट झालेली मूठ हा त्याचा दोष नव्हे, इतकें तरी आपल्याला समजतें. घरांतील वृद्धांविषयीं 'साठी बुद्धि नाठी' असें पुन्हां कोणी म्हणेल, तेव्हां वाचकांनीं त्यांचे शब्दच नव्हेत, तर त्यांची चाल, त्यांचे हात व त्यांचे डोळे यांकडेही लक्ष द्यावें, आणि जें दिसेल तें डॉक्टरांच्या कानांवर घालावें, एवढीच या लेखाची विनंति आहे.